३० सेकंद, ११ तास

आज कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कोकम सोड्याची ३० सेकंदांची जाहिरात शूट केली. सकाळी ९ ला सुरुवात, पॅकअप रात्री ८ ला.

जाहिरातीत बाटलीवर ते गारेगार थेंब दिसतात ना, ते नुसतं पाणी नसतंच. निम्मं ग्लिसरीन, निम्मं पाणी, स्प्रेने मारायचं. साधं पाणी लाइटखाली ओघळून जातं, हे थेंब जागचे हलत नाहीत. बर्फसुद्धा अ‍ॅक्रिलिकचा. बाटलीमागे तिच्याच आकाराचा चंदेरी कागद कापून लावला, तेव्हा कुठे कोकमाचा लाल रंग उजळला. त्याआधी आजीचा काढा दिसत होता!

फेस मात्र ऐकेना. फोकस लागेपर्यंत खाली. शेवटी मेसच्या काकू म्हणाल्या, "अरे, चिमूटभर मीठ टाका." टाकलं. फसफसून जो वर आला तो टेबलावर, स्क्रिप्टवर आणि माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टावर. तोच टेक ठेवलाय.

आमच्या हिरोने १७ टेक दिले. दर घोटाला "आहा!" म्हणायचं होतं, शेवटी शेवटी नुसते ढेकर. साउंडवाला म्हणतो, हाच ठेवू, खरा वाटतो.

घरी आल्या आल्या आईने विचारलं, "दमलास रे, कोकम सरबत देऊ?"