साधं की प्रीमियम? तुम्ही विचारलंत म्हणून

"गाडी फास्ट आहे ना तुमची? मग पेट्रोल साधं टाकता की प्रीमियम?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारलाय, लग्नात विचारलाय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी, माझं तोंड उघडं असताना विचारलाय.

विचारणारे दोन प्रकारचे. काहींना "काही फरक पडत नाही हो" एवढंच ऐकायचं असतं, म्हणजे पैसे वाचवल्याची टोचणी राहत नाही. बाकीच्यांना "प्रीमियमच टाका" ऐकायचं असतं, म्हणजे आजवर ओतलेलं वाया गेलं नाही असं वाटतं. मी ही दोन्ही उत्तरं दिलेली आहेत, दोन्ही छातीठोकपणे. मधे एक इंजिन गेलं, एवढाच फरक.

आधी त्या "प्रीमियम" शब्दाचं बघतो, कारण माझी निम्मी चिडचिड त्याच्यावर आहे. ते विकणाऱ्यानं दिलेलं नाव आहे, पेट्रोलचा गुण नव्हे. काही ठिकाणी प्रीमियमचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात खडखड होऊ न देण्याच्या गुणाचा आकडा, खरोखरच जास्त असतो. काही ठिकाणी ऑक्टेन तेवढाच, फक्त काजळी धरू न देणारी रसायनं जास्त. माझ्या गाडीसारखं थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन असेल, तर हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही, मग तिथली काजळी ते धुणार कसं? इंजेक्टर साफ राहतात, तेवढं कबूल. त्यात आकड्यांचाही घोळ आहे. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा म्हणजे दोन पद्धतींनी मोजलेल्या ऑक्टेनची सरासरी. त्या दोनांतली एक पद्धत म्हणजे रॉन. तिथलं ८७ म्हणजे रॉन पद्धतीनं साधारण ९१. व्हिडिओ बघून "या गाडीला ९१ चालतं" असं ऐकवणारा कुणीतरी मला दर वर्षी भेटतोच. अहो, ते त्यांचं ९१. रॉनमध्ये ते ९५ च्या आसपास जातं. मी खाली सगळीकडे रॉनच धरलंय.

आता जुना मी. त्याचं म्हणणं ऐकून घ्या, कारण तो मूर्ख नव्हता.

तो म्हणायचा, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल दाबाखाली आणि उष्णतेत आपणहून न पेटता किती दम धरतं, त्याचं ते माप. आयसोऑक्टेन आणि हेप्टेन ही दोन द्रव्यं, पहिल्याला १००, दुसऱ्याला ०, आणि बाकी सगळं या दोघांच्या तुलनेत. बरोबर. तो म्हणायचा, दोन्ही पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा जवळपास सारखीच. इथेनॉल घालून ऑक्टेन वाढवला असेल तर उलट जरा कमीच, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. हेही बरोबर. हल्लीच्या गाडीत नॉक सेन्सर असतो, तो इंजिनाला कान लावून बसलेला असतो, जरा खडखडलं की ठिणगी थोडी उशिरा टाकायला लावतो. पिकअप थोडा जातो, बाकी काही होत नाही. बहुतेक वेळा बरोबर. आणि ज्या गाडीला साधं पुरतं तिच्यात प्रीमियम ओतणं म्हणजे पैसे जाळणं. हे तर आजही शंभर टक्के बरोबर.

त्याला खोडून काढणं मला आजही जमत नाही. तरी त्याच्या हातात मी माझ्या गाडीची किल्ली देणार नाही.

त्याचं शेवटचं वाक्य असायचं, "बाकी सगळं मार्केटिंग." यावर त्याला एक विचारायचंय. १९२१ साली जनरल मोटर्समध्ये टॉमस मिजली यांना सापडलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं तर इंजिनातली खडखड थांबते. शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं. खुद्द मिजलींना त्याची बाधा झाली, काम सोडून विश्रांती घ्यावी लागली. तरीही जगानं ते पेट्रोल जाळलं. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते बंद झालं २०२१ मध्ये. एका खडखडीपायी माणसानं शंभर वर्षं शिसं हुंगलं, आणि तू म्हणतोस मार्केटिंग?

असो. मुद्द्यावर येतो. इंजिन गेलं तो शनिवार.

गाडी दोन लिटरची, चार सिलिंडर, टर्बो, हातानं गिअर टाकायची. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर: ९८, किमान ९५. आम्ही निघालो तेव्हा टाकी निम्मी होती, ९८ नं भरलेली. पंपावर ९८ होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर गॅरेजमध्ये मी "तिथे ९८ नव्हतं" असं सांगितलं होतं. होतं. पण आदल्याच आठवड्यात ऑफिसात एकाशी याच विषयावर वाद झाला होता आणि मला स्वतःचं खरं करून दाखवायचं होतं. म्हणून साधं, म्हणजे ९१ टाकलं. निम्मं ९८ आणि निम्मं ९१, सरासरी ९४.५. मोबाइलवर गणित करून बायकोला दाखवलंसुद्धा. "९५ च झालं की," म्हणालो. ती म्हणाली, "मग स्टिकरवर किमान कशाला लिहिलंय?" मी म्हणालो, "ते कंपन्या लिहितातच."

पुढे लांबलचक चढ. आम्ही चौघं, चार बॅगा, कडक ऊन, एसी चालू. साधं पेट्रोल घातलंय तर गाडी जपून चालवू, असं मी ठरवलं, आणि हे लिहिताना मला अजून कसंतरी होतं. जपून म्हणजे माझ्या डोक्यात काय, तर इंजिन फार फिरवायचं नाही. म्हणून सहावा गिअर. काटा १६०० ते १८०० च्या मधे. चढावर गाडी रेंगाळायला लागली तसा खाली गिअर न टाकता मी पाय दाबत गेलो, दाबत गेलो, तळापर्यंत.

"हे काय वाजतंय?" बायकोनं विचारलं.

"काय?"

"डब्यात खडे घालून हलवल्यासारखं."

"मागे सामान सैल झालं असेल."

सामान नव्हतं. पाय उचलला की आवाज थांबत होता, दाबला की परत येत होता. सामान असं वाजत नाही. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं एकदम पेटलं, की दाबाची लाट भिंतींवर आदळत राहते. माझ्या इंजिनाएवढ्या सिलिंडरमध्ये ती सेकंदाला सहा-सात हजार वेळा थरथरते, आणि ते खडे म्हणजे ती थरथर. हे सगळं मला त्या क्षणी पाठ होतं. आठवड्यापूर्वी ऑफिसात मीच समजावून सांगितलं होतं. मी धाकट्याला म्हणालो, "गाणं लाव रे." त्यानं लावलं. आवाज मीच वाढवला.

पाच-सात मिनिटं गेली असतील. मग एकच आवाज आला, खड्यांचा नाही. बॉनेटखाली कुणी हातोडीचा एक घाव घातल्यासारखा, ठण्ण. गाणं चालू असूनही सगळ्यांना ऐकू आला. इंजिन हलायला लागलं, पिवळा दिवा उघडझाप करायला लागला, आणि आरशात मागे निळसर धूर. गाडी कडेला घेतली. बायको काहीच बोलली नाही. मोठ्यानं विचारलं, "बाबा, पेट्रोल संपलं?"

उचलून न्यायला गाडी येईपर्यंत आम्ही दगडावर बसून होतो. जवळजवळ तीन तास.

आठवड्यानं गॅरेजमधून बोलावणं आलं. मेकॅनिकनं तिसऱ्या नंबरचा पिस्टन फडक्यावर काढून ठेवला होता. वरचा भाग ठीक, जळालेला वगैरे नाही. पण पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली जी पट्टी असते, तिचा नखाएवढा तुकडा गायब. कपाचा टवका उडावा तसा. तो टवका खालीवर घासत गेल्यानं सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. बोट फिरवलं तर नख अडकत होतं.

"साहेब, साधं टाकलं होतं का?"

"अर्धंच," मी म्हणालो.

तो हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसते हात पुसले आणि बिलाचा अंदाज कागदावर लिहून दिला. त्या पैशांत दोन्ही पेट्रोलमधला फरक मी १४ वर्षं भरू शकलो असतो. गाडी तेवढी वर्षं ठेवायचा विचारही नव्हता.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर तुम्हाला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं, आणि दोन वर्षं मी ते तसंच देत होतो: प्रीमियमच टाका, माझं बघा काय झालं. मग तोच पिस्टन मी इंजिनं बांधण्यात आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दाखवला. त्यांनी पेट्रोलचं विचारलंच नाही. म्हणाले, "कितव्या गिअरमध्ये होतात?"

सहाव्या, म्हटल्यावर त्यांनी पिस्टन खाली ठेवला. त्यांचं म्हणणं असं: टर्बो गाडी कमी फेऱ्यांवर ठेवून पाय तळापर्यंत दाबला, की सिलिंडरमधला ऑइलचा एखादा थेंब किंवा तापलेला कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवून देतो. "सेन्सर काय करतो? ठिणगी उशिरा टाकतो. इथे आग ठिणगीसाठी थांबलेलीच नाही, मग तो उशीर कशाचा करणार?" पट्टीचा टवका उडतो तो बहुतेकदा असा. या दुखण्यासाठी म्हणूनच २०१८ मध्ये इंजिन ऑइलचा एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस हा वेगळा दर्जा आला. माझ्या इंजिनात कुठलं होतं? जुन्या दर्जाचं. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं.

"म्हणजे ९८ असतं तरी फुटला असता?"

"फुटला असता म्हणत नाही. नसता असंही म्हणत नाही."

खडखड हे एक दुखणं आणि तो हातोडीचा घाव दुसरं, एवढं आता मला समजतं. पहिल्याला कमी ऑक्टेन नक्की कारण. दुसऱ्यात त्याचा हात किती, हे त्या टवक्यावरून सांगता येत नाही. आणि एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही, ती आता लिहितो. आठ महिने आधी मी गाडीचं रिमॅपिंग, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून घेणं, करून घेतलं होतं. खालच्या फेऱ्यांवरच टर्बोचा दाब वाढवून घेतला होता, पिकअपसाठी. करून देणारा निघताना म्हणाला होता, "९८ च्या खाली जाऊ नका." म्हणजे त्या शनिवारी स्टिकरवरचं "किमान ९५" माझ्या गाडीला लागूच नव्हतं, आणि मोबाइलवर मी ज्या आकड्याशी तुलना करत होतो तो आकडाच चुकीचा होता. हे बायकोला माहीत नव्हतं. मेकॅनिकला लॅपटॉप लावल्यावर कळलंच असणार. तोही बोलला नाही.

तर पेट्रोल, गिअर, ऑइल, रिमॅप. चारही माझीच कामं. त्यातलं कुठलं नडलं हे मला आजही सांगता येत नाही, आणि तुम्ही मला लिफ्टमध्ये, चौथा मजला यायच्या आत, विचारता साधं की प्रीमियम.

बरं, तरी सांगतो. टाकीचं झाकण उघडून वाचा. "किमान" आणि "शिफारस" हे वेगळे शब्द आहेत. किमानच्या खाली जाऊ नका, माझ्यासारखी सरासरी काढूनही नाही. शिफारशीपेक्षा कमी पण किमानच्या वर असेल, तर गावात, थंड हवेत, एकटे असताना तुम्हाला काही कळणारही नाही. ऊन, चढ आणि भरलेली गाडी असेल तेव्हा मात्र शिफारशीचंच टाका. चुकून कमी आकड्याचं गेलंच, तर जपून म्हणजे वरचा गिअर नव्हे. खालचा गिअर टाका, इंजिनाला मोकळं फिरू द्या, पाय हलका ठेवा, आणि जमेल तिथे जास्त आकड्याचं वर भरा. झाकणावर साधं चालेल असं लिहिलं असेल तर साधं टाका आणि मला विचारू नका.

"पण फरक जाणवतो का?" हा पुढचा प्रश्न येतोच. नव्या इंजिनावर मी महिनाभर ९५ आणि महिनाभर ९८ चालवून पाहिलं. गावात शून्य फरक. मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना ९८ वर गाडी जास्त मोकळी वाटली. वाटली. टाकीत काय आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे या साक्षीला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. मी ९८ टाकतो. शहाणपण किती आणि भीती किती, ते मी मोजलेलं नाही.

गेल्या महिन्यात पंपावरचं ९८ चं मशीन बंद होतं. रिमॅप काढून टाकलेलाच आहे, ऑइल योग्य ते आहे, ९५ चालतं असं झाकणावर लिहिलंय. ९५ टाकलं. तोच चढ. चौथा गिअर, काटा ३००० च्या वर, काच वर, एसी बंद. बायको म्हणाली, "गाणं तरी लाव." म्हटलं, थांब जरा. ती माझ्याकडे बघत राहिली, मी रस्त्याकडे. चढ संपल्यावर लावलं.