तीन फुटी टाकी: उन्हाळ्यात टिकणारे रंग

जानेवारी अखेर

माशांची टाकी ३६ × १५ × १८ इंच, काच ८ मिमी. कागदावर १५९ लिटर. वाळूचे आणि वरचे दीड-दीड इंच, शिवाय लाकूड वजा जाता प्रत्यक्ष पाणी १३० लिटर धरलंय. पुण्याच्या नळाचं पाणी: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९५, जीएच (पाण्याचा कठीणपणा) ४, केएच (पीएच सावरणारे कार्बोनेट) ३, पीएच ७.४. मऊ पाणी आहे, त्यामुळे माशांची अर्धी निवड इथेच झाली. गप्पी, प्लॅटी, मोली यांना पाण्यात क्षार लागतात. मऊ पाण्यात मोली पर मिटून एकाच जागी डुलत राहते आणि लोक औषधं ओततात. ज्यांच्याकडे बोअरचं ५००-६०० टीडीएसचं पाणी आहे त्यांनी ही यादी उलटी वाचावी: प्लॅटी, मोली, रेनबो त्यांच्याकडे छान रंगतील.

उरलेली निवड मे महिन्याच्या हिशोबाने. दुपारी टाकीचं पाणी ३१ अंशांपर्यंत जाणार हे गृहीत धरूनच मासे ठरवायचे. निऑन टेट्रा इथेच बाद. त्याला २० ते २६ अंश मानवतात. हिवाळ्यात घेतलेला कळप उन्हाळ्यात एकेक करून गळतो आणि दोष दुकानदाराला जातो. त्याऐवजी दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो नदीचा कार्डिनल टेट्रा. तो २९ पर्यंत आरामात राहतो आणि थोडे दिवस त्याहून जास्तही सोसतो. दोघांतला फरक सोपा आहे: निऑनचा लाल पट्टा अंगाच्या मध्यापासून शेपटीकडे जातो, कार्डिनलचा डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत.

अंतिम यादी: २० कार्डिनल, ६ स्टर्बाय कोरी (तळाशी फिरणारे मिशीवाले मासे), जर्मन ब्लू रॅम या छोट्या सिक्लिडची एक जोडी. बस्स. दहा जातींचे दोन-दोन मासे आणले की टाकीची भेळ होते. एकही जात कळपाने फिरत नाही, सगळे कोपऱ्यात भेदरलेले आणि फिके.

बाद केलेल्यांबद्दल थोडं. ड्वार्फ गोरामीचा नर देखणा खरा, पण व्यापारी पैदाशीत इरिडोव्हायरस हा विषाणू पसरलाय आणि त्यावर इलाज नाही. हनी गोरामी घ्या. गुलाबी-जांभळे रंगवलेले टेट्रा आणि पॅरट नकोच. टोचून किंवा बुडवून भरलेला रंग काही महिन्यांत उडतो, जखमेतून संसर्ग मात्र आत शिरतो. बोसमानी रेनबो टाळला तो जागेसाठी: दहा-अकरा सेंटिमीटरचा, सतत पळणारा मासा, त्याला चार फूट हवेत आणि पाणीही कठीण हवं. दुकानात त्याची पिल्लं राखाडी दिसतात म्हणून कोणी बघत नाही. चार फुटी टाकीवाल्यांनी तीच उचलावीत, वाढल्यावर अर्धं अंग निळं आणि अर्धं केशरी होतं.

फेब्रुवारी

माशांशिवाय सायकल, म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू मासे आणण्याआधीच वाढवायचे. हीटर १५० वॅट, तापमान २८. चालू टाकीतला स्पंज कॅनिस्टरमध्ये (टाकीबाहेरच्या फिल्टरमध्ये) पिळला. जिवाणूंना खायला लागणाऱ्या अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. पण कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. १३० लिटरला ०.८ ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) येतो.

मऊ पाण्यात एक अडचण हमखास येते आणि इथेही आली. नायट्राइट वर चढलं आणि तिथेच अडकलं. जिवाणू काम करताना केएच खातात; केएच संपला की पीएच घसरतो आणि साडेसहाच्या खाली त्यांचं काम जवळजवळ थांबतं. अशा वेळी बाटलीतले जिवाणू आणखी ओतून उपयोग नाही. १३० लिटरला ४ ग्रॅम खायचा सोडा टाकला की केएच साधारण १ ने वाढतो. दोन वेळा दिल्यावर गाडी रुळावर आली. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य झालं की टाकी तयार. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट खाली आणायचं.

मार्च

खरेदी. दुकानात माल उतरला त्याच दिवशी घेऊ नये. आठवडाभर तिथे तगलेले मासे घ्यावेत. कार्डिनलचं पोट आत गेलेलं नको, पाठीवर पांढुरका डाग नको आणि तुमच्यासमोर टाकलेलं खाणं त्यांनी खाल्लं पाहिजे. पर मिटलेला एकही मासा त्या टाकीत दिसला तर त्या टाकीतला एकही घ्यायचा नाही.

चेन्नई किंवा कोलकात्याहून पार्सल मागवत असाल तर थेंब-थेंब पाणी मिसळत बसू नका. बंद पिशवीत २४ तासांत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच पडतो, त्यामुळे माशांनी सोडलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. ३० अंशांवर पीएच ७ ला विषारी वाटा शेकडा एकच्या आत असतो, पीएच ८ ला साडेसात. म्हणून पिशवी बंदच ठेवून २० मिनिटं तरंगवायची, मग उघडून लगेच जाळीने मासे काढायचे आणि पिशवीतलं पाणी फेकायचं. टीडीएसचा मेळ क्वारंटाइन टाकीत आधीच घालून ठेवावा. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशांना थेंब पद्धत चालते.

क्वारंटाइन दोन फुटी टाकीत चार आठवडे, पिकलेला, म्हणजे जिवाणू आधीच वाढलेला स्पंज फिल्टर लावून. तोवर मोठी टाकी उपाशी ठेवायची नाही. एक दिवसाआड नवसागराची अर्धी मात्रा चालू, आणि मासे सोडायच्या आधी मोठा पाणीबदल.

एप्रिल

कोरी आणि कार्डिनल मोठ्या टाकीत. कार्डिनल वीसच्या वीस एकदम सोडले. पहिल्या रात्री दिवे बंद. सकाळी दिवा लागल्यावर फिके दिसले तर घाबरू नये, झोपेत त्यांचा पट्टा उतरतोच. निळा रंग हा कातडीतल्या स्फटिकांवरून परतणारा प्रकाश असतो, त्यामुळे तळ आणि दिव्याची जागा बदलली की तोही बदलतो. पांढऱ्या खड्यांवर कार्डिनल विटका वाटतो. इथे बारीक काळी वाळू आहे, कोरीच्या मिशांसाठीही तीच बरी. दिवा मागच्या काचेकडे न ठेवता पुढच्या काचेजवळ सरकवला. लाल रंग मात्र खाण्यातून येतो: अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य असलेले बारीक दाणे रोज, गोठवलेला आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जीव) आठवड्यातून दोनदा.

सोसायटीच्या आवारातलं बदामाचं झाड इथे कामाला येतं. गळून तपकिरी झालेलीच पानं घ्यायची, धुवायची, ४०-५० लिटरला एक. हिरवं पान नको आणि फवारणी होणाऱ्या बागेतलं तर अजिबात नको.

रॅम याच महिन्यात क्वारंटाइनला. जोडी ओळखायची खूण: मादीच्या पोटावर गुलाबी झाक, नराच्या पाठीवरचे पुढचे काटे लांब. तीन सेंटिमीटरचा रॅम पूर्ण रंगात चमकत असेल तर संप्रेरकं दिल्याचा संशय घ्यावा; घरी तो रंग उतरतो आणि अनेकदा मासाही जातो. किंचित फिकी पण खाणारी जोडी घेतली.

मे

रॅम सगळ्यात शेवटी टाकीत, कारण तो जागा धरतो. २७ ते ३० अंश हे त्याचंच हवामान, म्हणून बाकीच्या टाक्या धापा टाकत असताना हा सपाट दगड घासायला लागतो. अंडी घातल्यावर कोरींना ढुशा मारतो आणि कोरींना हद्द कळत नाही. त्यामुळे दगड डाव्या कोपऱ्यात ठेवला, मध्ये लाकडाची आडभिंत. कोरींचं खाणं उजवीकडे, दिवे गेल्यावर.

दुपारी पाणी ३१ अंशांवर. ३२ अंशांना पाण्यात प्राणवायू जेमतेम ७.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर मावतो, २५ ला ८.३. कॅनिस्टरचा फवारा पृष्ठभागावर आणला आणि पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावला. पुण्याच्या कोरड्या हवेत त्याने दोन-तीन अंश उतरतात. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे फारसे नाही. झाकण काढल्यामुळे वर जाळी. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालायची, नळाच्या नाही. क्षार उडत नाहीत, मागे साठतात. टीडीएस ९५ चा १३० झाला होता, दोन पाणीबदलांत खाली आणला.

जूनमध्ये नळाला गढूळ पाणी सुरू झालं की क्लोरीनचा डोसही वाढतो. तेव्हा पाणीबदल आठवड्याला २५ टक्क्यांऐवजी १०-१० टक्क्यांचे दोन, पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून, आणि अँटी-क्लोरीनची मात्रा क्लोरीन किटचं रीडिंग बघूनच.