नॉरफोकच्या खाजणातली पाणपक्षी गणना: माझा अनुभव

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोक काउंटीत राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझ्या लक्षात आले, की इथल्या खाजणांत उतरणारी कितीतरी बदके माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. थापट्या, तरंग, तलवार बदक, चक्रांग हे सगळे मी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पाहिलेले होते. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत वीण आटोपली, की यांच्यापैकी काही थवे दक्षिणेला भारताकडे येतात आणि काही पश्चिमेला, ब्रिटनच्या किनाऱ्यांकडे वळतात. नांदूरला मी जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घेत असे. ही गणना १९८७ साली सुरू झाली आणि ती १९६७ पासून चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणनेचा भाग आहे. ब्रिटनमधले आकडेही त्याच गणनेत जमा होतात हे कळल्यावर इथेही ते काम करायचे, असे मी ठरवले.

इथल्या गणनेचे नाव ‘वेटलँड बर्ड सर्व्हे’ असे आहे, पण बोलताना सगळे तिला ‘वेब्स’ म्हणतात. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी ही संस्था इतर संस्थांच्या साहाय्याने ती चालवते, आणि तिचे मुख्यालय नॉरफोकमध्येच, थेटफर्डला आहे. किनारा, तळी, नद्या असे सगळे पाणथळ क्षेत्र लहान लहान तुकड्यांत वाटलेले असते आणि प्रत्येक तुकड्याची जबाबदारी कोणातरी स्वयंसेवकाकडे असते. संकेतस्थळावर नाव नोंदवल्यावर मला स्थानिक संयोजकांकडून उत्तर आले. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. मात्र आपल्या तुकड्यात नेहमी दिसणारे सगळे पाणपक्षी दुर्बिणीतून, दूरवरून आणि वाईट उजेडातही ओळखता आले पाहिजेत, ही अपेक्षा त्यांनी स्पष्टपणे सांगितली. बदकांची मला चिंता नव्हती. चिखलात चोच खुपसून हिंडणाऱ्या करड्या, एकसारख्या दिसणाऱ्या किनारपक्ष्यांची होती. म्हणून उत्तर किनाऱ्यावरच्या एका तुकड्याची अनेक वर्षे गणना करत आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेबरोबर मी आधी काही महिने जावे, असे ठरले. त्यांना पुढे हे काम सोडायचे होते आणि तो तुकडा त्यांना जबाबदारीने कोणाच्या तरी हाती द्यायचा होता.

त्यांनी पहिला धडा पक्ष्यांचा न देता भरतीचा दिला. ओहोटीला इथला चिखल इतका दूरवर पसरतो, की पक्षी ठिपक्यांसारखेही दिसत नाहीत. भरतीचे पाणी चढू लागले, की ते मागे मागे सरकत खाजणाच्या कडेला दाटीवाटीने विसाव्याला बसतात आणि तेव्हाच त्यांची मोजदाद शक्य होते. म्हणून गणनेच्या तारखा, बहुधा महिन्यातला एक रविवार, भरतीची वेळ पाहून आधीच ठरवलेल्या असतात आणि शक्यतो सगळ्यांनी त्याच दिवशी मोजायचे असते, म्हणजे एकच थवा दोन तुकड्यांत दोनदा धरला जात नाही. आमच्या तुकड्यात फार मोठे उधाण सोयीचे नसते, कारण तेव्हा खाजणच बुडते आणि पक्षी बांधापलीकडच्या शेतांत विखुरतात. याउलट पश्चिमेला, द वॉश या विस्तीर्ण आखाताच्या काठावर स्नेटिशमला, मोठ्या उधाणातच नॉट पक्ष्यांचे हजारोंचे थवे धुरासारखे उठून आतल्या तळ्यांवर येऊन बसतात. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला उधाण आणि भांग (लहान भरती) समजावून सांगावे लागत नाही; मी घाटावरची, त्यामुळे मला भरतीचे वेळापत्रक वाचायला शिकावे लागले.

प्रत्यक्ष मोजणे कसे चालते, ते जरा सविस्तर सांगते. ऑक्टोबरमध्ये ब्रेंट हंस सायबेरियातल्या तैमिर भागातून इथे आलेले असतात. काळे डोके, काळी मान, आकार मोठ्या बदकाएवढा. बांधावर टेलिस्कोप लावून थव्याच्या डाव्या टोकापासून सुरुवात करायची. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, त्या दहांनी टेलिस्कोपच्या वर्तुळात किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवायचे आणि मग त्याच मापाने दहा-दहा करत उजवीकडे सरकायचे. प्रत्येक दहाला हातातल्या गणकयंत्राची कळ एकदा दाबायची. उजव्या टोकाला पोचल्यावर पुन्हा उलट दिशेने मोजायचे. दोन आकडे जवळपास आले तर ठीक, नाहीतर तिसऱ्यांदा. मध्येच बहिरी ससाणा आला आणि सगळा थवा उठला, तर तो बसेपर्यंत थांबायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. वारा समुद्रावरून थेट येत असला, की टेलिस्कोप थरथरतो, डोळ्यांतून पाणी येते. अशा दिवशी मोजणी कमी भरली असे वाटले, तर नोंदीत आकड्याची अचूकता ‘कमी’ अशी लिहायची सोय आहे. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण आकडा फुगवण्याचा किंवा अंदाजाने पूर्ण करण्याचा मोह त्यामुळे राहत नाही.

ब्रेंट हंसांतच त्या बाईंनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांच्या पंखांवर पांढुरक्या पट्ट्या असतात आणि मोठ्यांच्या मानेवर असते तशी पांढरी खूण त्यांना सुरुवातीला नसते. आईबापांच्या आगेमागे चरणारी ही पिल्ले मोजली, की हजारो मैलांवरच्या टुंड्रात उन्हाळा कसा गेला, याचा अंदाज नॉरफोकच्या बांधावर उभे राहून करता येतो.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने सर्वांत भरगच्च असतात. तरंग बदकांच्या शिट्ट्या दिवसभर चालू असतात. आइसलँड आणि ग्रीनलँडहून आलेले गुलाबी पायांचे हंस पहाटे समुद्रकाठचे रातथारे सोडून, शुगर बीट काढून झालेल्या शेतांत उरलेला पाला आणि तुकडे खायला रांगा करून आत उडत जातात. ते मोजायचे तर उजाडण्यापूर्वीच हजर राहावे लागते. मार्चनंतर गर्दी ओसरते. उचाट्या पक्षी उथळ तळ्यांत अंडी घालू लागतात, सँडविच सुरय आफ्रिकेकडून परततात आणि मेच्या अखेरीस माझ्या तुकड्यात मोजण्यासारखे फारसे काही उरत नाही.

सप्टेंबर ते मार्च हेच महिने महत्त्वाचे मानतात आणि उन्हाळ्यात पुष्कळ जण थांबतात. मी मात्र बारा महिने मोजायचे ठरवले, आणि जुलैत त्याचे कारण समोर दिसले. माणसांच्या शाळांना अजून सुट्ट्याही लागलेल्या नसतात, तेव्हाच आइसलँडहून काळ्या शेपटीचे गॉडविट विटकरी रंगाच्या पिसाऱ्यात परतू लागतात. पक्ष्यांच्या लेखी शरद ऋतू सुरू झालेला असतो. त्याच सुमारास प्रौढ शाही चक्रवाक पिसे झाडण्यासाठी समुद्रापलीकडे वॉडन समुद्राच्या उथळ पाण्याकडे निघून जातात आणि पिल्लांचे एकत्र झालेले घोळके मोजक्या मोठ्यांच्या राखणीखाली मागे राहतात.

रिकाम्या दिवसाची नोंदही करावीच लागते. काहीच दिसले नाही, तर ‘शून्य’ लिहून पाठवायचे. नॉरफोकच्याच नैऋत्य टोकाला वेल्नी येथे हिवाळ्यात येणाऱ्या ब्यूइक हंसांची संख्या घटत गेली आहे. त्यांची एकूण संख्या कमी झाली आहेच, शिवाय सौम्य हिवाळ्यांमुळे बरेच हंस आता युरोपच्या मुख्य भूमीवरच थांबतात. जिथे पूर्वी पक्षी होते तिथे ते नाहीत, हे सांगणारा कागद दरवर्षी भरला गेला नसता, तर हा बदल केवळ जुन्या माणसांच्या आठवणींत राहिला असता.

घरी आल्यावर आकडे संकेतस्थळावर भरायचे, एवढेच उरते. त्यांचे पुढे काय होते, हे ठाऊक असल्याने मी ते काम त्याच संध्याकाळी करते. एखाद्या जागी नियमितपणे वीस हजारांहून अधिक पाणपक्षी असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी तिथे येत असतील, तर ती जागा पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. हा निकष सलग पाच वर्षांच्या आकड्यांच्या सरासरीवर तपासला जातो; एखाद्याच हिवाळ्यातली गर्दी त्यात पुरत नाही. उत्तर नॉरफोकचा किनारा १९७६ पासून रामसर यादीत आहे, नांदूर मध्यमेश्वर २०१९ पासून, आणि दोन्ही ठिकाणच्या पक्ष्यांची खबर मोजणाऱ्यांच्या वह्यांतूनच मिळते.

तो तुकडा आता माझ्या नावावर आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कोणा मराठी पक्षीमित्राला हे काम घ्यायचे असेल, तर माझा सल्ला एवढाच, की सप्टेंबरची वाट न पाहता मे-जूनमध्ये नाव नोंदवावे. तेव्हा जाती थोड्या असतात, उजेड भरपूर असतो, जुन्या गणकाला शिकवायला वेळ असतो, आणि किनारपक्षी आपल्या विणीच्या रंगांत असल्याने ओळखायलाही सोपे जातात. करड्या पिसाऱ्यातला डनलिन ओळखण्याची वेळ येईपर्यंत तोच पक्षी पोटावरच्या काळ्या डागासकट पाहून झालेला असतो.