ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर गेला होता

‘वडील हयात आहेत का?’ महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती अर्जातला हा प्रश्न मी दर हंगामात शेकडो वेळा वाचते. ‘हो’ लिहिलं की पुढे त्यांचं नाव, व्यवसाय, नोकरी पगारी आहे की नाही हे सगळं भरावं लागतं. ‘नाही’ लिहिलं की तो सगळा भाग टळतो. नेट कॅफेतल्या पोरांना हे आमच्याही आधी कळलेलं आहे.

मी मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थी विभागात आहे. शिष्यवृत्तीचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे आहे. लोकांना वाटतं, आम्ही शिक्के मारतो. खरं काम म्हणजे कागदांतून माणसाचं घर वाचणं. उत्पन्नाचा दाखला हातात आला की मी रक्कम शेवटी बघते. आधी बारकोड, मग तारीख, मग नाव. बारकोड टाकल्यावर संगणकावर दुसऱ्याच माणसाचा दाखला उघडतो, असं दोनदा पकडलंय मी. एकदा तर एका वडिलांनी ‘दोनच अपत्यं’ लिहिलं होतं, कारण राजर्षी शाहू योजनेत एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. रेशनकार्डावर तिसरं नाव होतं, आणि ते तिसरं पोर आमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे ओबीसींच्या सवलतींसाठी लागणारा दाखला, काढताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न उत्पन्नाच्या मर्यादेत धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र सगळं धरायचं. म्हणून एकाच घराचे दोन दाखले वेगवेगळं सांगतात आणि दोन्ही कायद्यानं खरे असू शकतात. मास्तरच्या मुलाकडे नॉन-क्रीमीलेअर बघून ‘हा कसा काय?’ असं विचारणाऱ्यांना मी हे समजावून थकले. खोटं असतं ते दुसरीकडे असतं, आणि तिथे कोणी बोट दाखवत नाही.

२०२४ चं वर्ष आमच्या टेबलावर वेगळं होतं. ८ जुलैला जीआर निघाला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं माफ होतं. ज्या घरांनी पोरीला बी.ए. ला घालायचं ठरवून टाकलं होतं, ती घरं कॅपच्या, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीत उतरली. मला त्याचा मनापासून आनंद आहे, आजही आहे. पण त्या दिवसापासून उत्पन्नाचा रकाना हा अर्जातला सगळ्यात महाग रकाना झाला.

तो दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातला, दिवाळीच्या तोंडावरचा. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, निम्मी तहसील निवडणुकीच्या कामात अडकलेली. पोर्टल सकाळपासून गोल गोल फिरत होतं. टेबलापुढे तीसेक जणांची रांग.

साडेअकराच्या सुमारास एका मुलाचा अर्ज आला. वडिलांचं खतांचं दुकान तालुक्याला सगळ्यांना माहीत आहे, खाली गेटपाशी त्यांची गाडी मी येताना पाहिली होती. दाखल्यावर वार्षिक उत्पन्न एक लाख चार हजार. बारकोड टाकला, बरोबर उघडला. सही तहसीलदारांची, तारीख चालू वर्षाची, नाव जुळतं. दाखला देणं तहसीलचं काम, तो तपासणं माझं, आणि माझ्या तपासणीत त्यात एकही चूक नव्हती. मी अर्ज पास केला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्याच्या मागे चार नंबरवर ती मुलगी होती, आईसोबत. पहिलं वर्ष, संगणक शाखा, सीईटीत चांगले पर्सेंटाइल. कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक झेरॉक्सवर पेन्सिलीनं नंबर घातलेला. असा नीट लावलेला गठ्ठा आला की मला त्या पोराबद्दल आधीच माया वाटते.

अर्जात लिहिलं होतं: वडील हयात, नाही. आमच्या यादीप्रमाणे मी मृत्यूचा दाखला मागितला.

मुलगी खाली बघायला लागली. आई म्हणाली, “मॅडम, मेल्याचा कागद कुठून आणू? पण आमाला तो मेल्यातच जमा हाय.”

“म्हणजे आहेत ना ते?” मी विचारलं.

“धा वर्सं झाली. दुसरी केली त्यानं, चाकणकडं ऱ्हातो म्हनं.”

मग मी जे केलं ते मला अजून टोचतं. मी आवाज चढवला. “मग ‘नाही’ कसं लिहिलंत? खाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही करायची असते, वाचलं नाही का?” रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मुलगी वर बघून म्हणाली, “मी नाही लिहिलं, मॅडम. कॅफेतल्या दादानं लिहिलं. मी त्याला सांगितलं होतं की ते आहेत. तो म्हणाला, ‘हो’ केलंस तर त्यांचे कागद मागतील, कुठून आणशील?”

“मग तू त्याला थांबवायचं होतंस.”

“थांबवलं होतं. मॅडम, लॉगिनचा ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर गेला होता. माझं आधार मी लहान असताना काढलेलं, त्याला त्यांचाच नंबर आहे. मीच फोन करून ओटीपी घेतला. ज्यांनी ओटीपी सांगितला त्यांनाच मेलेलं कसं लिहू?”

आईनं तिच्याकडे वळून पाहिलं. फोन केल्याचं तिला ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती काही बोलली नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, परत लावलं.

बाजूच्या टेबलावरचे सहकारी वाकून हळूच म्हणाले, “मॅडम, कशाला खोलात जाता? ‘नाही’ राहू द्या. वर कोण बघतंय?” माणूस वाईट नाही, मुलांसाठी सुट्टीच्या दिवशीही येऊन बसतो. पण ‘वर कोण बघतंय’ या एका वाक्यावर आमच्याकडची अर्धी कागदपत्रं उभी आहेत, आणि त्या वाक्याचा मला संताप येतो. एका मुलीनं एवढ्या लोकांपुढे खरं सांगितल्यावर तिला ‘राहू दे, खोटंच बरंय’ म्हणायचं?

पण खरं लिहायचं तर कुठे, हाही प्रश्न होताच. अर्जाला दोनच उत्तरं माहीत आहेत. बाप आहे किंवा नाही. आहे पण घरात नाही, पैसे देत नाही, कायद्यानं अजून नवरा आहे, असं लिहायला जागा नाही. घटस्फोट झाला असता तर निकालपत्र लावता आलं असतं. पण गावाकडे टाकलेल्या बाईकडे कसलं निकालपत्र? कोर्टात जायला वकील लागतो, तारखेला जायचं तर मजुरी बुडते. ‘परित्यक्ता’ हा शब्द सरकारी कागदांत आहे, पण ती परित्यक्ता आहे हे सिद्ध करायला तिलाच चार दारं हिंडावी लागतात. टाकणाऱ्याकडे कोणी कागद मागत नाही.

उत्पन्नाचा दाखला होता, आईच्या नावानं, बहात्तर हजारांचा. मी आईला विचारलं, काय करता. ती भावासोबत कोयता धरते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिचा नवरा नाही म्हणून भावाबरोबर जोडी लावलेली. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत हातात फारसं काही येत नाही. उचल हे कर्ज आहे, उत्पन्न नाही, हे तलाठ्यानं नीट धरलेलं दिसत होतं. अशी नीट नोंद क्वचित बघायला मिळते. पण त्या दाखल्यात नवऱ्याचा कुठे उल्लेखच नव्हता.

“दिवाळी झाली की टोळी निघंल आमची,” आई म्हणाली. “मंग मला येता यायचं न्हाई.”

म्हणजे हातात दहा-बारा दिवस, आणि तहसील निवडणुकीत. अर्ज तसाच पास केला असता तर दोघी तासाभरात एसटी धरून घरी गेल्या असत्या. मी अर्ज परत पाठवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘वडिलांबाबतची माहिती दुरुस्त करावी’. ते बटण दाबताना मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं.

जेवणाची सुट्टी मी घेतली नाही. दोघींना आत बसवून एका कोऱ्या कागदावर मी क्रम लिहून दिला. आधी आईचं स्वयंघोषणापत्र: पती दहा वर्षांपासून वेगळे राहतात, त्यांच्याकडून पोटगी किंवा कसलीही मदत नाही. मग ग्रामपंचायतीचा दाखला. मग शेजारच्या दोघांच्या सह्यांनिशी तलाठ्याचा पंचनामा, आणि त्यावरून उत्पन्नाचा नवा दाखला. तलाठ्याला मी स्वतः फोन केला. तसा अधिकार मला नाही, कोणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. तो म्हणाला, “मॅडम, इलेक्शन ड्युटी आहे, पण आईचा जबाब तेवढा आधी घेऊन ठेवतो.” त्यानं घेतला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आई टोळीबरोबर गेली. नोव्हेंबर संपताना मुलगी एकटीच नवा दाखला घेऊन आली. तोवर अर्जाची मुदत वाढलेली होती. वडील हयात: हो. नोकरीच्या रकान्यात काय लिहायचं, यावर आम्ही दोघी बराच वेळ अडलो. तिला त्यांचं काम खरंच माहीत नव्हतं. शेवटी ‘इतर’ निवडलं आणि सोबत पंचनामा जोडला. मी अर्ज पास केला. पुढे वरच्या कार्यालयातून एक त्रुटी निघाली, ‘वडिलांचे उत्पन्न नमूद नाही’, तिचं उत्तर मी दोन पानी लिहिलं. मंजुरीला उन्हाळा उजाडला. तोवर फीसाठी तिच्यामागे तगादा लागू नये म्हणून मी लेखा विभागात तीनदा गेले.

खतांच्या दुकानदाराच्या मुलाचे पैसे मात्र पहिल्याच यादीत आले होते.

तो अर्ज मी पुन्हा उघडून पाहिलाय. एकदा नाही, बऱ्याचदा. दुकान कोणाच्या नावावर आहे मला माहीत नाही, गाडी कर्जावर असेल, भावाची असेल. माझ्याकडे गावात ऐकलेलं आहे, कागद नाही. कागदाशिवाय मी त्या दाखल्यावर शंका घेतली असती तर उद्या कुठल्या तरी गरिबावरही शंका घ्यायला मोकळी झाले असते. हे मला पटतं. तरीही त्या दिवशी दोन मिनिटांत पास केलेला अर्ज आणि महिनाभर अडवून ठेवलेला अर्ज एकाच टेबलावरून, माझ्याच लॉगिननं गेले. मुलीनं गप्प राहून ‘नाही’ चालवून घेतलं असतं तर तिचीही फी पहिल्या यादीत लागली असती. तिनं मला हे कधी बोलून दाखवलं नाही.

या वर्षी नूतनीकरणाला ती एकटीच आली. अर्ज तिनं स्वतः भरला होता, कॅफेत गेली नव्हती. आधारला आता तिचा स्वतःचा नंबर आहे. मी विचारलं, “मग वडिलांना फोन करायची गरज नाही आता?”

“नाही, मॅडम.”

कागद मी चाळत होते. ती थोडा वेळ उभी राहिली, मग आपणहून म्हणाली, “तेव्हा मी फोन केला ना, तर त्यांनी कसला ओटीपी म्हणून विचारलंच नाही. मी फक्त म्हटलं, कॉलेजचा आहे. त्यांनी सहा आकडे सांगितले. मग थांबून परत एकदा सांगितले, सावकाश, चुकू नयेत म्हणून.”