फरसबी हिरवीगार राहते, फक्त झाकण वेळेवर काढा

परवा यायला उशीर झाला, बाकीचं जेवण सकाळचंच होतं आणि ताटात हिरवं असं काहीच नव्हतं. फ्रिजच्या खालच्या खणात पाव किलो फरसबी होती. ती काढली, धुतली, आणि १५ मिनिटांत भाजी टेबलावर, त्यातही निम्मा वेळ देठं खुडण्यात आणि चिरण्यात गेला, गॅसवर जेमतेम ७ मिनिटं. सासरे दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले, "अगं, हिचा रंग बघ किती छान राहिलाय." मला इतका आनंद झाला की म्हटलं हे लिहूनच ठेवावं, कारण या रंगापर्यंत पोचायला मला खूप वर्षं लागलीत.

आधी मी फरसबी कशी करायचे सांगते. तेलात टाकायची, मीठ टाकायचं, वर झाकण, गॅस बारीक, आणि मग मी बाकीच्या कामाला. २० मिनिटांनी झाकण काढलं की आत मळकट, खाकी रंगाची, ओलसर भाजी. चव तशी वाईट नसायची पण कोणी मागूनही घ्यायचं नाही, आणि मला वाटायचं की फरसबी शिजली की अशीच दिसते, त्यात आपण काय करणार. तर तसं अजिबात नाहीये. रंग जाण्यामागे एकदम साधं कारण आहे आणि ते एकदा कळलं की हातातली भाजीच बदलते.

भाजीचा हिरवा रंग म्हणजे क्लोरोफिल, आणि त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. भाजी तापली की पेशी फुटतात, आतली आम्लं बाहेर येतात, आणि उष्णता अधिक आम्ल मिळून तो मॅग्नेशियम तिथून निघून जातो. तो गेला की तोच हिरवा रंग खाकी होतो. बारीक गॅसवर झाकण लावून शिजवत बसलं की यातल्या दोन्ही गोष्टी होतात, वेळही भरपूर मिळतो आणि वाफेबरोबर उडून जाऊ शकली असती ती आम्लं झाकणाला लागून परत भाजीतच टपकतात. म्हणजे मी रोज स्वतःच्या हाताने तो रंग घालवत होते आणि दोष फरसबीला देत होते!

एक मजेची गोष्ट बघा, गरम पॅनमध्ये फरसबी पडल्यावर पहिल्या मिनिटभरात ती कच्चीपेक्षाही जास्त हिरवी दिसायला लागते. पेशींच्या मधे बारीक बारीक हवा अडकलेली असते, तिच्यामुळे कच्ची भाजी जरा धुरकट दिसते, गरम झाल्यावर ती हवा निघून जाते आणि आतला रंग स्वच्छ दिसतो. तो क्षण मला फार आवडतो. आणि तिथून साधारण ५-७ मिनिटं आपल्या हातात असतात, त्याच्या पुढे रंग उतरायला लागतो. म्हणजे सगळी भाजी त्या वेळात शिजेल अशी तयारी आधीच करून ठेवायची, एवढंच.

आता खरी अडचण. मला स्वतःला फरसबी जरा करकरीत आवडते, पण सासऱ्यांना कवळी आहे, त्यांना करकरीत चालत नाही. आणि खरं तर अर्धीकच्ची फरसबी कोणीच खाऊ नये, कच्च्या शेंगेत लेक्टिन नावाची प्रथिनं असतात, त्यांनी पोट बिघडू शकतं, नीट शिजवल्यावर ती निकामी होतात. मग मऊपण पाहिजे आणि हिरवीपण पाहिजे, कसं करायचं? बराच काळ मी वेळ कमीजास्त करत बसले होते आणि उत्तर सुरीत होतं. शेंगा तिरक्या आणि पातळ चिरायच्या, अगदी लांबट तिरक्या चकत्या, ३-४ मिलिमीटर जाडीच्या. तिरकं चिरल्यामुळे आतला भाग जास्त उघडा पडतो, उष्णता लगेच आत पोचते, आणि २ इंचाच्या तुकड्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात चकती शिजते. तेव्हापासून घरात वेगळी मऊ भाजी करावी लागलेली नाही, सगळ्यांना एकच.

शेंग निवडताना मोडून बघा, कट् आवाज होऊन तुटली तर ताजी, वाकली तर जुनी. आत बिया फुगलेल्या दिसत असतील तर ती शेंग निबर झालेली असते, तिला कितीही शिजवा दोरे लागणारच, ती सरळ सूपमध्ये वगैरे वापरा, या भाजीला नको.

तर पाव किलो फरसबीला मी घेते ५-६ लसणाच्या पाकळ्या, दीड टेबलस्पून तेल, अर्धा टीस्पून मीठ, ताजी कुटलेली मिरपूड, आणि अर्धं लिंबू. बस. धुतलेली फरसबी चिरायच्या आधी फडक्यावर अगदी कोरडी करायची, ही पायरी गाळू नका. ओली भाजी पॅनमध्ये टाकली की आधी ते पाणी तापतं, आणि पाणी असेपर्यंत पॅनचं तापमान १०० अंशाच्या वर जातच नाही, म्हणजे भाजी परतली जात नाही, उकडली जाते. भाजीला जे छान तपकिरी ठिपके पडतात आणि भाजल्याचा खमंग वास येतो, त्याला साधारण १४० अंशाच्या वरचं तापमान लागतं. म्हणूनच पॅन मोठा घ्यायचा आणि भाजी एका थरात बसेल एवढीच टाकायची, जास्त असेल तर दोनदा करा, गर्दी केली की सगळी वाफ आतच कोंडते.

लसणाबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण या भाजीची अर्धी चव लसूण आहे आणि तोच सगळ्यात जास्त बिघडतो. पाकळ्यांचे पातळ काप करायचे, ठेचायचा नाही. ठेचलेला लसूण तेलात अर्ध्या मिनिटात करपतो आणि करपलेल्या लसणाचा कडूपणा मग लिंबानेही जात नाही, पूर्ण भाजीला लागतो. काप थंड तेलातच टाकायचे आणि मग गॅस लावायचा, बारीक. तेलाबरोबर हळूहळू तापताना लसूण आपला वास तेलाला देतो. कडा जरा फिक्या सोनेरी झाल्या की लगेच झाऱ्याने काढून ताटलीत ठेवायचे, पूर्ण लाल व्हायची वाट बघायची नाही, कारण बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने ते आणखी एक छटा गडद होतात. आता तुमच्याकडे लसणाचं तेलही आहे आणि कुरकुरीत कापही आहेत, आणि भाजी मोठ्या गॅसवर परतताना करपायला लसूण पॅनमध्येच नाहीये.

आता गॅस मोठा करा. तेलावर जरा लाट दिसली की फरसबी टाका, पसरा, आणि एक मिनिट हलवू नका. हलवावंसं वाटतं, मलाही वाटतं, पण भाजी पॅनला टेकून राहिली तरच ठिपके पडतात. मग एकदा उलटवा, परत मिनिटभर, मग २ मिनिटं अधूनमधून हलवत राहा. त्यानंतर ३ टेबलस्पून पाण्यात मीठ विरघळवून ते पाणी कडेने सोडा, चर्र आवाज येईल, आणि झाकण ठेवा. हो, झाकण, पण फक्त दीड ते दोन मिनिटं, तेही तिथेच उभं राहून. या वाफेने चकत्या आतपर्यंत शिजतात. मीठ आधी टाकलं तर भाजीला पाणी सुटतं आणि ठिपके पडत नाहीत, आणि पाण्यातून टाकलं की प्रत्येक चकतीला सारखं लागतं, कोरडं भुरभुरलं की एक घास खारट आणि एक अळणी. दोन मिनिटांनी झाकण काढा, उरलेलं पाणी मोठ्या गॅसवर आटू द्या, एक चकती खाऊन बघा, मिरपूड, गॅस बंद.

लिंबू गॅस बंद केल्यावर, आणि तेही भाजी पॅनमधून काढून घेतल्यावर. वर सांगितलंच की आम्लाने रंग जातो, पण दुसरंही एक कारण आहे, आम्लात भाजी मऊच होत नाही. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्ल असेल तर घट्ट राहतं, म्हणून लिंबू आधी पिळलं तर शेंग शिजता शिजत नाही, आपण वाट बघत बसतो आणि तोवर रंगही जातो. शिवाय शेवटी पिळलेल्या लिंबाचा वास तसाच टवटवीत राहतो. मी थोडी सालही किसून घालते, फक्त पिवळी, खालचा पांढरा भाग कडू असतो. वरून लसणाचे काप. संपलं.

खाण्याचा सोडा टाकला की भाजी हिरवी राहते असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि मी करूनही बघितलं. रंग राहतो, खरंच राहतो, पण शेंगेचा अक्षरशः लगदा होतो आणि चवीत साबणासारखं काहीतरी येतं, शिवाय सोड्याने काही जीवनसत्त्वंही नष्ट होतात. माझा त्याला साफ नकार आहे. चिमूटभरसुद्धा नको.

हीच पद्धत ब्रोकोलीला चालते, तुरे लहान करायचे आणि दांडा टाकून द्यायचा नाही, सोलून त्याच्या चकत्या करायच्या, मला तर दांडाच जास्त आवडतो. पालकाला पाणीही नको आणि झाकणही नको, तो मिनिटभरात बसतो. फ्रोझन फरसबी असेल तर ती आधीच उकळत्या पाण्यातून काढलेली असते, तिला वितळू न देता सरळ गरम पॅनमध्ये टाका, कडेने पाणी सोडायची आणि झाकणाची पायरी गाळा, मीठ शेवटी, तिला ठिपके कमीच पडतील पण रंग चांगला राहील.

आणि दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायची असेल तर तेवढी भाजी लिंबू पिळायच्या आधी बाजूला काढून पसरट ताटलीत गार करा, ढीग करून ठेवली तर आतल्या वाफेने शिजतच राहते. लिंबाची फोड वेगळी न्या आणि खाताना पिळा. मी काल तसंच केलं, दुपारी डबा उघडला तेव्हा ती रात्रीइतकीच हिरवी होती.