ठाण्याच्या किल्ल्यासाठी चार ओळी

ठाणे मध्यवर्ती कारागृहाच्या जुन्या तटाजवळून कोर्टनाक्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांची दिवसभर वर्दळ असते. हे कारागृह मुळात किल्ला होता, हे जुन्या ठाणेकरांना ठाऊक आहे. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आले, याचीही आठवण शहराने ठेवली आहे. मात्र २८ डिसेंबर १७७४ ही तारीख सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. त्या दिवशी इंग्रजांनी हल्ला करून हा किल्ला घेतला आणि आतील बहुतेक शिबंदी, म्हणजे किल्ला राखणारी फौज, कापून काढली. त्या शिबंदीच्या स्मरणार्थ रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला उभ्या उभ्या वाचता येईल असा एक फलक असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लढाई इंग्रजांशी झाली असली, तरी तिची वाट पुण्यातील यादवीने मोकळी करून दिली होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रघुनाथरावांनी पेशवाई घेतली आणि त्यांच्याविरुद्ध पुण्यातील कारभाऱ्यांचे, म्हणजे बारभाईंचे, कारस्थान उभे राहिले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म झाल्यावर तर रघुनाथरावांच्या हक्काचा आधारच गेला आणि त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांना त्या बदल्यात साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर वसले आहे ते बेट, आणि वसई हवी होती. म्हणजे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून, मोठी किंमत मोजून, मिळवलेला मुलूख. येथे रघुनाथरावांविषयी न्यायाने बोलले पाहिजे: हा मुलूख द्यायला ते तेव्हा तयार नव्हते. परंतु पोर्तुगीज तो परत घेण्याच्या तयारीत असल्याची वार्ता मुंबईत पोहोचली आणि इंग्रजांनी कोणाच्याही संमतीची वाट न पाहता जनरल रॉबर्ट गॉर्डन यांच्या हाताखाली ठाण्यावर फौज पाठवली.

वेढ्याच्या सुरुवातीलाच आरमाराचे प्रमुख कमोडोर जॉन वॉटसन जायबंदी झाले. किल्ल्यातून सुटलेला तोफेचा गोळा त्यांच्याजवळ वाळूत आदळला, उडालेले वाळूचे कण त्यांच्या अंगात घुसले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. काही दिवसांच्या भडिमारानंतर तटाला खिंडार पडले. तरीही २७ डिसेंबरला खंदक बुजवायला आलेल्या इंग्रजांना शिबंदीने मागे रेटले. त्या एका प्रयत्नात सुमारे १०० गोरे सैनिक पडले किंवा घायाळ झाले. दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्यात मात्र किल्ला पडला. पुण्यातील कारभारी परस्परांच्या विरोधात गुंतलेले असताना, तट फुटल्यानंतरही शत्रूला खंदकापलीकडे थोपवून धरणाऱ्या या माणसांचे मला विशेष वाटते. पेशवा कोण, हा वाद त्यांनी सुरू केलेला नव्हता.

म्हणूनच फलकावर केवळ शौर्याची विशेषणे नकोत, लढाईचे कारणही हवे. ‘इंग्रजांनी किल्ला जिंकला’ एवढेच लिहिले तर ते अर्धवट ठरेल आणि सगळे खापर एकट्या रघुनाथरावांवर फोडले तर ते चुकीचे ठरेल. माझ्या मते मजकूर असा असावा: ‘पेशव्यांच्या घरात वारसाहक्काचा झगडा चालू असताना मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये या किल्ल्याला वेढा घातला. २७ डिसेंबरला शिबंदीने शत्रूला खंदकावरून परतवले. २८ डिसेंबरला किल्ला पडला आणि बहुतेक शिबंदी मारली गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली.’

शेवटची ओळ मी मुद्दाम ठेवली आहे. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई देण्याचे अखेर मान्य केले. पुढे वडगावला इंग्रजांना शरणागती पत्करावी लागली, सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, पण ठाणे काही परत आले नाही. २०२४ मध्ये या लढाईला २५० वर्षे पूर्ण झाली. कारागृहाच्या सुरक्षेमुळे आतील भाग सर्वांना पाहता येणे कठीण आहे, तेव्हा फलक बाहेर, पदपथाच्या बाजूला लावावा; अक्षरे मोठी आणि मराठी ठेवावीत, आणि दरवर्षी २८ डिसेंबरला जवळपासच्या शाळांतील मुलांना तेथे आणून हा वेढा समजावून सांगावा.