आमची वाटचाल : एका कार्डावर एक शब्द

आम्ही कार्डं छापतो. पुढे वर्णन, मागे इंग्रजीतला एक शब्द. परीक्षेच्या भाषेत वन वर्ड सब्स्टिट्यूशन. शाळेत मराठीच्या पेपरात ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ सगळ्यांनीच सोडवलेत, त्याचंच हे इंग्रजी भावंड. यात कसला आलाय धंदा, असं सुरुवातीला तोंडावर विचारणारे होते. आज त्यांच्याच घरात आमचे बॉक्स आहेत, एवढंच सांगतो.

मी शिकवणारा, भागीदार छपाईतला. तो नसता तर मी आजही झेरॉक्सच्या चिठ्ठ्या कापत बसलो असतो. लॅमिनेशनवरून आमचं पहिलं भांडण झालं. मला चकचकीत कार्ड हवं होतं. तो म्हणाला, ‘‘अरे, पोरं त्यावर पेन्सिलीने खूण कशी करणार?’’ म्हणून आमचं कार्ड आजही बिनकोटेड बोर्डाचं आहे, ३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बघूनच शीट लावायची, नाहीतर दमट हवेत कार्ड धनुष्यासारखं वाकतं. कोपरे राउंड करतो तेही दिसण्यासाठी नव्हे. चौकोनी कोपरा दुमडतो, दुमडलेलं कार्ड लांबून ओळखू येतं, आणि मुलगा शब्दाऐवजी तो कोपरा पाठ करतो! कटिंगच्या पात्याला धार नसली की कडेला जी बारीक कुसळं राहतात, त्यांचंही तेच. गठ्ठ्यातलं प्रत्येक कार्ड हाताला सारखंच लागलं पाहिजे. ही अक्कल भागीदाराची.

क्रम मात्र माझा. बाजारात सगळ्या याद्या ए टू झेड. त्यात मॅट्रिसाइड एका पानावर, रेजिसाइड भलत्याच पानावर. आम्ही कुळं लावली. मारणं या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेलं ‘साइड’ एका गठ्ठ्यात : राजाला मारणं रेजिसाइड, भावाला फ्रॅट्रिसाइड, आईला मॅट्रिसाइड. त्याच गठ्ठ्यात जेनोसाइड, जो राफाएल लेम्किनने १९४४ साली वापरात आणला. वंश या अर्थाच्या ग्रीक ‘जेनोस’ला लॅटिन शेपूट जोडून. सोम्नॅम्ब्युलिस्ट म्हणजे झोपेत चालणारा. त्याचं पुढचं अंग झोपेचं, मागचं चालण्याचं. झोप तशीच ठेवून चालण्याच्या जागी बोलणं आणलं की सोम्निलोक्विस्ट. बोलणं ठेवून झोपेच्या जागी पोट आणलं की व्हेंट्रिलोक्विस्ट, म्हणजे ओठ न हलवता बोलणारा शब्दभ्रमकार. चालण्याच्याच धातूवरून अँब्युलन्स, कारण मुळात ती लष्कराबरोबर फिरणाऱ्या इस्पितळाची फ्रेंच संज्ञा होती. हे एकदा डोक्यात बसलं की चार शब्दांना चार वेळा घोकावं लागत नाही.

मग तो क्लास आला. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. मोठी ऑर्डर, तीही तोंडी. आम्ही कागद उधारीवर उचलला, प्लेट्स काढल्या, माल छापून, कापून, जुळवून गठ्ठे बांधले. डिलिव्हरीच्या आठवड्यात निरोप आला की यंदा नको. पुढच्या सीझनला त्यांची स्वतःची पुस्तिका आली. उघडली तर सोम्नॅम्ब्युलिस्टसमोर ‘जागं न होता फेरफटका मारून येणारा’. हे वर्णन मी केलेलं आहे. दुसऱ्या कुठल्या यादीत मी ते पाहिलेलं नाही. अशी कितीतरी. बरं, उचलताना नीट तरी उचलावं! मिसोगॅमिस्ट आणि मिसोजिनिस्ट यांची अदलाबदल करून ठेवली होती. पहिल्याला लग्नाचा तिटकारा, दुसऱ्याला बायकांचा. आमच्या गठ्ठ्यात ही दोन कार्डं मुद्दाम पाठोपाठ आहेत, मागोमाग सगळ्या माणसांचाच तिटकारा असलेला मिसॅन्थ्रोप.

वकील म्हणाले, शब्दांवर कुणाची मालकी नसते. वर्णनाच्या वाक्यांवर हक्क सांगता येईल, पण त्याला पैसा आणि वर्षं लागतील. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. कागदवाला रोज दारात. गोडाऊन रिकामं करा म्हणून मालकाचा तगादा. भागीदाराने कटिंग मशीन विकायला काढलं, गिऱ्हाईक येऊन पातं बघूनही गेलं. त्या काळात क्लासच्या एका कार्यक्रमाचं निमंत्रण आलं, वर ‘आपल्या सहकार्याबद्दल ऋणी’. केलेले उपकार विसरणारा : मराठीत कृतघ्न, इंग्रजीत इन्ग्रेट. ते कार्ड आमच्या बॉक्समध्ये आधीपासून होतं, त्यांच्यासाठी घातलेलं नाही.

वाचवलं ते एका शिक्षिकेने. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. पहिल्या आवृत्तीपासूनचं गिऱ्हाईक, पण त्यांची खरी मोलाची गोष्ट वेगळी. वर्ष संपलं की वापरलेला गठ्ठा त्या आम्हाला परत पाठवायच्या. कुठल्या कार्डाच्या कडा काळ्या पडल्यात ते बघा, म्हणायच्या, पोरं तिथेच अडतात. मिसोगॅमिस्ट दरवर्षी काळाकुट्ट. देश सोडून जाणारा एमिग्रंट आणि देशात येऊन राहणारा इमिग्रंटही तसेच. टपाल तिकिटं जमवणारा फिलॅटेलिस्ट कोराच्या कोरा, तो सगळ्यांना येतो. गोडाऊनची हकिगत कळल्यावर बाईंनी ओळखीच्या शाळांना पत्रं लिहिली आणि पडून राहिलेले गठ्ठे हळूहळू हलले. मशीन राहिलं.

पुढची वर्षं बरी गेली. मोबाइलवरची ॲप्स आली, फुकट आली, तरी आम्ही आहोत.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. कार्ड उलटं धरून पाठ करू नका. शब्द बघून अर्थ आठवणं सोपं असतं. वर्णन वाचून शब्द ओठावर यायला हवा, कारण पेपरात आणि लिहिताना गरज त्याचीच पडते. रोज सगळा गठ्ठा पिसत बसू नका. सेबॅस्टियन लाइटनर या जर्मन माणसाने १९७२ मध्ये मांडलेली खणांची पद्धत घ्या : बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खणात, चुकलेलं थेट पहिल्यात, आणि मागचे खण लांबलांबच्या अंतराने उघडायचे. आमच्या बॉक्सला पाच खण आहेत ते याच्यासाठी. त्यात लोक पेनं ठेवतात, काय बोलणार! आणि शब्द आला म्हणून सगळीकडे घालू नका. पोस्थ्युमस म्हणजे ‘मेल्यानंतरचा’ एवढंच पाठ केलेला मुलगा पोस्थ्युमस श्राद्ध लिहून येतो. वडील गेल्यावर जन्मलेलं मूल, लेखक गेल्यावर निघालेलं पुस्तक, मरणोत्तर सन्मान, असं प्रत्येक कार्डाच्या मागे निदान एक वाक्य स्वतःच्या पेन्सिलीने लिहा. त्यासाठी तर लॅमिनेशन नाही.

सध्या वैद्यकीय शब्दांचा गठ्ठा प्रूफला आहे. काढून टाकणं ते एक्टॉमी, छेद देणं ते ऑटॉमी, बाहेर तोंड काढून देणं ते ऑस्टॉमी. तिन्ही शेपट्या एका रंगात छापू या असं भागीदाराचं म्हणणं, मला तीन रंग हवेत. प्लेटचा खर्च वाढेल म्हणून तो अडून बसलाय. त्या क्लासकडूनही परवा विचारणा आली होती. या वेळी ॲडव्हान्स आधी, असं कळवलंय.